मोडलेल्या शाफ्टवरून कामाचे ड्रॉइंग: पहिल्या मापापासून शेवटच्या सहीपर्यंत

खान्देशात यंत्रांची दुरुस्ती बहुतेक वेळा नमुन्यावर चालते. जळगावच्या एमआयडीसीतील दालमिल असो, चटईचा कारखाना असो किंवा धुळे-अमळनेर पट्ट्यातील जिनिंग असो, मोडलेला भाग पोत्यात गुंडाळून वर्कशॉपमध्ये येतो आणि ‘असाच एक करून द्या’ एवढ्या सूचनेवर काम सुरू होते. आपल्याकडचे टर्नर कुशल आहेत आणि या पद्धतीने वर्षानुवर्षे यंत्रे चालली आहेत, हे मान्य करूनही तिच्यातील एक मूळ दोष सांगितला पाहिजे. वर्कशॉपमध्ये येणारा नमुना हा झिजलेला, वाकलेला किंवा मोडलेला असतो. त्याचे माप घेऊन केलेल्या नव्या भागात जुन्या भागाची झीज माप म्हणून उतरते आणि तो ज्या कारणाने मोडला ते कारणही तसेच राहते. भाग मुळात कसा असायला हवा होता हे कागदावर मांडणे, म्हणजे कामाचे ड्रॉइंग.

या लेखात एकच भाग घेऊन ड्रॉइंगच्या मूळ संकल्पना आणि शब्द क्रमाने पाहू. आयटीआय किंवा डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाचे विद्यार्थी, तसेच वर्कशॉप चालवणारे पण ड्रॉइंग स्वतः न काढणारे वाचक माझ्या डोळ्यासमोर आहेत. भाग आहे दालमिलमधील भुसा ओढणाऱ्या ब्लोअरचा शाफ्ट. त्याच्या एका टोकाला पंखा, दुसऱ्या टोकाला पट्ट्याची पुली आणि मध्ये दोन बेअरिंग आहेत. पुलीकडच्या बेअरिंगला लागून तो मोडला आहे.

पायरी पहिली: मोजण्याआधी विचारायचे प्रश्न

व्हर्निअर हातात घेण्यापूर्वी तीन गोष्टी लिहून काढाव्यात: हा भाग काय काम करतो, त्याला कोणकोणते भाग टेकतात आणि तो कुठून व कसा निकामी झाला. अभियांत्रिकी संकल्पन, म्हणजे डिझाइन, याच तीन प्रश्नांतून सुरू होते. आपला शाफ्ट पुलीकडून मिळणारी फिरकी पंख्यापर्यंत पोहोचवतो, म्हणून त्याला पीळ बसतो; पट्टा त्याला एका बाजूला ओढत राहतो, म्हणून तो वाकूही पाहतो. या दोन्ही ताणांना तो पुरा पडावा म्हणून धातूची ताकद प्रत्यक्ष ताणापेक्षा काही पटींनी जास्त धरली जाते. या पटीला सुरक्षा गुणांक म्हणतात.

मोडलेले तोंड पुसून स्वच्छ करून उजेडात नीट पाहावे, कारण या एका निरीक्षणातून पुढचे निम्मे निर्णय ठरतात. तोंडाचा बराच भाग गुळगुळीत असेल, त्यावर काठापासून आत सरकत गेलेल्या कमानीसारख्या बारीक रेषा दिसत असतील आणि उरलेला थोडाच भाग खरखरीत, दाणेदार असेल, तर तो शाफ्ट एका झटक्यात मोडलेला नाही. काठावर सुरू झालेली बारीक चीर प्रत्येक फेऱ्याबरोबर थोडी थोडी आत गेली आणि शेवटी उरलेल्या धातूला भार पेलेना. याला फटीग म्हणतात. अशी चीर बहुधा तिथूनच सुरू होते जिथे व्यास एकदम बदलतो आणि कोपरा धारदार ठेवलेला असतो. नमुन्यावरून केलेल्या नव्या शाफ्टमध्ये तोच धारदार कोपरा पुन्हा आला, तर जाड किंवा महाग पोलाद वापरूनही तो तिथेच मोडण्याची शक्यता राहते.

पायरी दुसरी: हातचे स्केच आणि मापे

साध्या कागदावर, पट्टी न वापरता, शाफ्टचे ढोबळ स्केच काढावे. ते प्रमाणात नसले तरी चालते, पण आकारांचे एकमेकांशी नाते बरोबर दिसले पाहिजे आणि माप लिहायला ऐसपैस जागा हवी. आधी सगळ्या मापरेषा काढून घ्याव्यात आणि मगच एकेक माप घेऊन लिहावे, म्हणजे कोणते माप राहून गेले ते रिकाम्या रेषेवरून लगेच कळते.

लांबीसाठी स्टीलची पट्टी किंवा ०.०२ मिमीपर्यंत वाचणारे व्हर्निअर पुरते. बेअरिंग बसते त्या जागेसाठी मात्र ०.०१ मिमी वाचणारे मायक्रोमीटरच हवे. प्रत्येक व्यास किमान तीन ठिकाणी आणि प्रत्येक ठिकाणी एकमेकांना काटकोनात असलेल्या दोन दिशांनी मोजावा, म्हणजे झीज एकाच बाजूला आहे की सगळीकडे, ते समजते. मोडलेल्या ठिकाणी दोन्ही तुकडे जोडून लांबी मोजताना फट धरली जाणार नाही याची काळजी घ्यावी.

समजा, बेअरिंगच्या जागेचा व्यास २४.९३ मिमी आला. नमुन्यावर काम करणारा हाच आकडा घेईल. ड्रॉइंग करणाऱ्याने बेअरिंगकडे पाहावे. त्यावर ६२०५ असा क्रमांक कोरलेला आहे. या पद्धतीच्या क्रमांकात शेवटचे दोन आकडे ०४ किंवा त्याहून मोठे असतील, तर त्यांना पाचाने गुणले की आतला व्यास मिळतो. म्हणजे येथे ५ गुणिले ५, २५ मिमी. (००, ०१, ०२ आणि ०३ यांना हा नियम लागत नाही, त्यांचे आतले व्यास अनुक्रमे १०, १२, १५ आणि १७ मिमी असतात.) ६२०५ चा बाहेरचा व्यास ५२ आणि रुंदी १५ मिमी आहे. तेव्हा शाफ्टची जागा मुळात २५ मिमीची होती आणि जवळजवळ ०.०७ मिमी धातू झिजून गेला आहे. आतली रिंग घट्ट न बसल्यामुळे शाफ्टवर सरकत राहिली की अशीच झीज होते. स्केचवर २४.९३ हा आकडा ‘मोजलेले’ म्हणून जरूर ठेवावा. ड्रॉइंगवर मात्र २५ येईल.

जुनी यंत्रे इंचाच्या हिशेबाची असतात आणि आपल्याकडचे जुने कारागीर अजूनही सुतात बोलतात. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, म्हणजेच ३.१७५ मिमी. ‘सात सुताचा शाफ्ट’ असे कोणी सांगितले तर ते २२.२२५ मिमी होते, २२ नव्हे. हा पाव मिमीचा फरक पुलीच्या भोकात लगेच जाणवतो. आपल्या शाफ्टचे टोक मोजून २२ मिमीचेच निघाले आहे, असे धरून पुढे जाऊ.

पायरी तिसरी: कागद, प्रमाण आणि रेषा

कागदाचे आकार ठरलेले आहेत. ए० या कागदाचे क्षेत्रफळ एक चौरस मीटर असते आणि तो निम्मा करत गेले की ए१, ए२, ए३, ए४ मिळतात. आपला शाफ्ट एकूण २६० मिमी लांब आहे. ए३ कागद ४२० बाय २९७ मिमीचा असतो. डावीकडे फायलिंगसाठी २० मिमी आणि इतर बाजूंना १० मिमी समास सोडला तरी शाफ्ट खऱ्या आकारात आडवा बसतो. म्हणून प्रमाण १:१ घेऊ. मोठ्या भागांसाठी १:२, १:५, १:१० आणि बारीक भागांसाठी २:१, ५:१ अशी ठरावीक प्रमाणेच वापरावीत. प्रमाण कोणतेही असले तरी आकडा नेहमी प्रत्यक्ष भागाचा लिहायचा असतो आणि कागदावर पट्टी लावून माप काढण्याची सवय कोणालाच लागू द्यायची नसते.

ड्रॉइंगमधील रेषांना अर्थ असतो, म्हणून त्या नीट ओळखता आल्या पाहिजेत. दिसणाऱ्या कडा जाड, सलग रेषेने काढतात. मापरेषा, मापासाठी बाहेर ओढलेल्या रेषा आणि छेदातील, म्हणजे भाग कापून दाखवलेल्या तोंडातील, तिरप्या रेघा बारीक, सलग असतात. आत लपलेल्या कडा तुटक रेषेने, तर मध्यरेषा एक लांब आणि एक आखूड अशा बारीक साखळी रेषेने दाखवतात. जाड रेष बारीक रेषेच्या किमान दुप्पट असावी; ०.५ आणि ०.२५ मिमी ही जोडी ए३ वर चांगली दिसते. पेन्सिलने काढणाऱ्याने आखणीसाठी २एच आणि ठळक रेषांसाठी एच किंवा एचबी वापरावी. संगणकावर काढतानाही रेषांची जाडी मुद्दाम ठरवावी लागते, नाहीतर छापल्यावर सगळे एकाच जाडीचे येते आणि टर्नरला कडा कोणती, मापरेष कोणती, हे शोधत बसावे लागते.

पायरी चौथी: दृश्ये किती आणि कुठे

वस्तूचे तिन्ही बाजूंचे आकार सपाट कागदावर मांडण्याच्या पद्धतीला प्रक्षेप म्हणतात. तिचे शास्त्र फ्रान्समध्ये गास्पार मोंज यांनी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात उभे केले. भारतीय मानक ब्युरोच्या नियमांप्रमाणे आपल्याकडे प्रथम कोन प्रक्षेप वापरतात. यात वस्तू ही पाहणारा आणि कागद यांच्या मध्ये असते, म्हणून वरून पाहिलेले दृश्य समोरच्या दृश्याच्या खाली येते आणि डावीकडून पाहिलेले दृश्य उजवीकडे येते. अमेरिकेत तृतीय कोन पद्धत चालते आणि तिथे नेमके याउलट असते. बाहेरून आलेल्या यंत्राचे ड्रॉइंग हाती आले, तर प्रथम त्यावरील छाटलेल्या शंकूचे चिन्ह पाहावे, कारण पद्धत न ओळखता काम केले तर डावा ब्रॅकेट उजवा होऊन बाहेर पडतो.

ब्लोअरच्या ब्रॅकेटसारख्या भागाला तीन दृश्ये लागतात. शाफ्टसारख्या गोल भागाला एकच दृश्य पुरते, कारण आकड्यापुढे व्यासाचे चिन्ह लिहिले की तो भाग गोल आहे हे सांगून होते. नवशिके अशा वेळी शेजारी एकात एक वर्तुळे काढून दुसरे दृश्य भरतात. त्यातून नवीन माहिती काहीच मिळत नाही. शाफ्ट कागदावर आडवाच काढावा, कारण लेथवर तो आडवाच धरला जातो आणि टर्नर ड्रॉइंग समोर ठेवून काम करतो.

पुली शाफ्टबरोबर फिरावी म्हणून दोघांच्या मध्ये बसवलेल्या धातूच्या तुकड्याला की आणि तिच्यासाठी कापलेल्या खाचेला की-वे म्हणतात. या की-वेसाठी मात्र छेद हवा. ज्या जागी शाफ्ट मनाने कापायचा तिथे टोके जाड असलेली साखळी रेष, बाण आणि ‘क–क’ अशी अक्षरे द्यावीत आणि कापलेले तोंड बाजूला काढून त्यात ४५ अंशाच्या बारीक रेघा भराव्यात. येथे एक संकेत लक्षात ठेवावा: शाफ्ट, बोल्ट, नट, की हे भाग जोडणीच्या चित्रात लांबीच्या दिशेने कापले गेले तरी त्यांच्यात रेघा भरत नाहीत, ते सबंधच दाखवतात.

पायरी पाचवी: मापे देणे

आपल्या शाफ्टचे पाच टप्पे आहेत: पंख्याचे टोक ५५, बेअरिंग १५, मधला जाड भाग १२०, दुसरे बेअरिंग १५ आणि पुलीचे टोक ५५, अशी बेरीज २६० मिमी. टोकांचा व्यास २२, बेअरिंगच्या जागेचा २५ आणि मधल्या भागाचा ३२. सगळी मापे मिलिमीटरमध्ये असतात, म्हणून प्रत्येक आकड्यापुढे ‘मिमी’ लिहीत नाहीत. बाणाची लांबी त्याच्या रुंदीच्या तिप्पट ठेवतात आणि एक माप एकदाच देतात.

पाचही टप्पे ओळीने देऊन शिवाय एकूण लांबीही देणे, ही सर्रास दिसणारी पद्धत चुकीची आहे. कोणतेही माप तंतोतंत साधत नाही. त्याला काही सूट द्यावीच लागते. वेगळी सूट न लिहिलेल्या मापांसाठी आयएस २१०२ या भारतीय मानकाची मध्यम श्रेणी धरली, तर ६ ते ३० मिमीपर्यंत अधिक-उणे ०.२, ३० ते १२० पर्यंत ०.३ आणि १२० ते ४०० पर्यंत ०.५ मिमी इतकी सूट मिळते. पाच टप्प्यांच्या सुटी मिळवल्या की १.३ मिमी होतात, तर २६० या एकट्या मापाला ०.५ च आहे. म्हणजे प्रत्येक टप्पा बरोबर करूनही एकूण लांबी चुकू शकते आणि मग दोष कोणाचा, यावर वाद होतो. त्यामुळे कामाच्या दृष्टीने कमी महत्त्वाचा एक टप्पा मोकळा सोडावा. येथे दोन खांद्यांमधले, म्हणजे व्यास बदलतो त्या दोन पायऱ्यांमधले, १२० मिमी महत्त्वाचे, कारण त्यावर बेअरिंगचे अंतर अवलंबून आहे. पुलीचे टोक मात्र दीड मिमी इकडेतिकडे झाले तरी चालते, कारण पुली सरकवून पट्ट्याच्या रेषेत आणता येते. ते माप द्यायचे नाही, किंवा केवळ माहितीसाठी म्हणून कंसात द्यायचे. ज्या पृष्ठापासून इतर मापे धरली जातात त्याला डेटम म्हणतात. आपला डेटम पंख्याकडचा खांदा आहे.

की-वेचे माप देण्याची रीत मुद्दाम जवळून पाहू. २२ मिमीच्या शाफ्टला ६ बाय ६ मिमीची की बसते आणि शाफ्टमध्ये तिची खोली ३.५ मिमी असते. परंतु ड्रॉइंगवर ३.५ लिहिले तर फिटर ते मोजणार कुठून? ज्या बिंदूपासून ही खोली धरली आहे तो वर्तुळाचा माथा की-वे कापताना निघून गेलेला असतो. म्हणून की-वेच्या तळापासून समोरच्या बाजूपर्यंत उरलेली जाडी देतात, म्हणजे २२ उणे ३.५, १८.५ मिमी. ते माप व्हर्निअरच्या दोन जबड्यांत सरळ धरता येते. माप लिहिताना ते कोणत्या हत्याराने आणि कुठे टेकवून मोजले जाईल, याचा विचार करण्याची सवय यातून लागावी.

पायरी सहावी: टॉलरन्स आणि फिट

एखाद्या मापाची कमाल आणि किमान मर्यादा यांतील अंतराला टॉलरन्स म्हणतात. दोन भाग एकमेकांत ढिले बसतात की घट्ट, त्याला फिट म्हणतात. भोकासाठी मोठे आणि शाफ्टसाठी लहान इंग्रजी अक्षर, आणि त्यापुढे श्रेणीचा आकडा, अशी ही खूण लिहितात.

पट्टा एकाच दिशेने ओढतो आणि शाफ्ट फिरतो, म्हणून बेअरिंगच्या आतल्या रिंगच्या प्रत्येक बिंदूवर आळीपाळीने भार येतो. अशी रिंग शाफ्टवर घट्टच हवी, नाहीतर ती सरकते आणि २४.९३ ची गोष्ट पुन्हा घडते. त्यासाठी के६ (k6) ही श्रेणी घेऊ. २५ मिमीला के६ म्हणजे किमान अधिक ०.००२ आणि कमाल अधिक ०.०१५, शाफ्ट २५.००२ ते २५.०१५ च्या दरम्यान हवा. साध्या दर्जाच्या बेअरिंगचे भोक २४.९९० ते २५.००० असते. म्हणजे कोणताही शाफ्ट आणि कोणतेही बेअरिंग घेतले तरी शाफ्ट थोडा मोठाच राहतो, किमान ०.००२ आणि जास्तीत जास्त ०.०२५ मिमीने. पुलीचे तसे नाही. ती दुरुस्तीला हाताने काढता यावी, म्हणून शाफ्टच्या टोकाला एच६ (h6), म्हणजे शून्य ते उणे ०.०१३, आणि पुलीच्या भोकाला एच७ (H7), म्हणजे शून्य ते अधिक ०.०२१, देऊ. यात फट शून्यापासून ०.०३४ मिमीपर्यंत राहते. फिरकी कीमुळे पोहोचते आणि पुली जागेवर राहावी म्हणून तिला ग्रब स्क्रू, म्हणजे शाफ्टवर आवळला जाणारा बिनडोक्याचा स्क्रू, देतात.

सगळीकडे अशी बारीक टॉलरन्स देण्याचा मोह टाळावा. मधल्या ३२ मिमीच्या भागावर काहीच बसत नाही. तिथे ग्राइंडिंग करायला लावणे म्हणजे मालकाचे पैसे वाया घालवणे होय.

आपल्या भागात तापमानाचा मुद्दाही सोडता येत नाही. ड्रॉइंगवरील माप २० अंश सेल्सिअसला धरलेले असते, आणि भुसावळ-जळगावचा मे महिना ४४ अंशांपर्यंत सहज जातो. २५ मिमी पोलाद २४ अंशांनी तापले की सुमारे ०.००७ मिमीने फुगते, म्हणजे के६ च्या ०.०१३ मिमी टॉलरन्सचा निम्मा वाटा त्यातच जातो. मायक्रोमीटर आणि शाफ्ट एकाच तापमानाला असतील तर दोन्ही सारखे फुगतात आणि वाचन बिघडत नाही. म्हणून लेथवरून नुकताच उतरवलेला गरम शाफ्ट लगेच मोजू नये. तो आणि मायक्रोमीटर काही वेळ एकाच टेबलावर, उन्हापासून दूर ठेवून मग मोजावे.

पायरी सातवी: कोपरा, पृष्ठभाग, धातू

आता ज्या जागी शाफ्ट मोडला तिथे येऊ. २५ आणि ३२ यांच्या मधल्या कोपऱ्यात गोलावा हवा, पण तो कितीही ठेवून चालत नाही. गोलावा बेअरिंगच्या काठाच्या गोलाव्यापेक्षा मोठा झाला, तर बेअरिंग खांद्याला टेकतच नाही, तिरपे राहते आणि लवकर जाते. ६२०५ साठी शाफ्टवरील ही मर्यादा १ मिमी आहे. म्हणून आर ०.८, म्हणजे ०.८ मिमी त्रिज्येचा गोलावा, लिहू आणि तो कोपरा शेजारी ५:१ प्रमाणात मोठा करून दाखवू, म्हणजे तो सुटून जाणार नाही. ही जागा ड्रॉइंगमधील सर्वांत लहान तपशील आहे आणि शाफ्टचे आयुष्य सर्वांत जास्त तिच्यावरच अवलंबून आहे.

बेअरिंगच्या जागांवर पृष्ठभागाच्या खरखरीतपणाची खूण आरए ०.८ आणि बाकी सगळीकडे ३.२ द्यावी, हे आकडे मायक्रॉनमध्ये असतात, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात. दोन्ही जागा एकाच अक्षावर हव्यात, म्हणून दोन्ही टोकांना सेंटरची भोके ठेवावीत, शाफ्ट सेंटरमध्ये धरूनच शेवटचा हात फिरवावा आणि रनआउट, म्हणजे फिरताना पृष्ठभागाचे वरखाली होणे, ०.०२ मिमीपेक्षा जास्त नसावा, असे टिपेत लिहावे. धातूच्या रकान्यात नुसते ‘लोखंड’ लिहू नये. ‘ईएन ८’ असे पोलादाच्या प्रकाराचे नाव हवे.

पायरी आठवी: नावाचा तक्ता आणि तपासणी

उजव्या खालच्या कोपऱ्यातील तक्त्यात भागाचे नाव, ड्रॉइंग क्रमांक, प्रमाण, प्रक्षेपाचे चिन्ह, धातू, नग, तारीख आणि काढणाऱ्याची व तपासणाऱ्याची सही असते. तपासणारा काढणाऱ्याहून वेगळा असावा. त्याने टर्नरच्या जागी बसून बारपासून तयार भागापर्यंत प्रत्येक हात मनात फिरवून पाहावा: किती व्यासाचा बार घ्यायचा, कुठे धरायचा, पुढचे माप कुठून काढायचे. कुठेही बेरीज-वजाबाकी करावी लागली, किंवा फोन करून विचारावे लागेल असे वाटले, तर तिथे ड्रॉइंग अपुरे आहे.

त्याच कोपऱ्याच्या वर बदलांचा तक्ता ठेवावा. सातबाऱ्यावरच्या फेरफाराप्रमाणे प्रत्येक बदलाला क्रमांक, तारीख आणि सही हवी; आकडा खोडून वर दुसरा लिहिणे कधीही करू नये. पुढच्या हंगामात पुलीचे भोक बदलले आणि शाफ्टचे टोक २४ मिमीचे करावे लागले, तर की ८ बाय ७ ची होईल, शाफ्टमधील तिची खोली ४ मिमी होईल आणि उरलेली जाडी २० मिमी लिहावी लागेल. ही तिन्ही मापे एकाच बदलाखाली नोंदवून नवीन प्रत काढावी आणि वर्कशॉपमधील जुनी प्रत त्याच दिवशी परत घेऊन फाडून टाकावी.